सिंहमुखीच्या पायावरचा डाग

"तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत?" अधिकाऱ्यानं इंग्रजीत विचारलं.

"पाहिलं," मी म्हणालो. "मूर्तीच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता. डोक्याच्या फडक्याचं टोक हातात होतं आणि त्या टोकानं तो मूर्तीचा पाय घासत होता."

आमची गाईड मनाल हिनं ते नोंदीसाठी अरबीत सांगितलं. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं तो राखणदार, अम्म बदावी, भिंतीपाशी उभा होता. साठीचा माणूस, राखाडी पायघोळ झगा, हातात किल्ल्यांचा जुडगा. तो टेबलावर ठेव, असं अधिकाऱ्यानं खुणेनं सांगितलं आणि त्यानं तो ठेवला. नुसता माझ्याकडे बघत राहिला. पण माझ्या डोळ्यांकडे नाही, कपाळाकडे. तीस वर्षं मी लोकांच्या नजरा वाचत आलो होतो. लबाड माणूस डोळ्याला डोळा भिडवत नाही, हे माझं ठरलेलं गणित होतं.

शेजारी बसलेल्या कुमुदनं, माझ्या बायकोनं, माझी बाही ओढली.

"अहो…"

"तू मध्ये बोलू नकोस," मी हळूच म्हणालो, आणि कागदावर सही केली.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालो त्याच वर्षी, माघात, मुलीनं आम्हा दोघांना इजिप्तच्या सहलीला पाठवलं. पुण्याची एक छोटी प्रवासी कंपनी, आम्ही चौदा जण, आणि आमचा म्होरक्या शिरीष दामले नावाचा तरतरीत मुलगा. खरं म्हणजे मला जायचं नव्हतं. आमच्या वाईच्या घराजवळच्या विष्णुमंदिरात माघात कीर्तनाचा सप्ताह असतो आणि तो मी कधी चुकवला नव्हता. दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि संध्याकाळी देवळात पहिल्या रांगेत बसायचं, असा माझा नेम. बुवांनी उत्तररंगात आख्यान लावलं की माझे डोळे भरून यायचे; आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मी कुणाच्या तरी पारड्याखाली चिकटवलेलं मेण नखानं खरवडत असायचो. दोन्ही मीच.

सप्ताह चुकला तरी नेम चुकू नये म्हणून सहाण, गोपीचंदन आणि बुक्क्याची डबी बरोबर घेतली होती. कैरोच्या विमानतळावर त्या डबीपायी पंधरा मिनिटं गेली. एकानं ती काळी पूड हुंगली, दुसऱ्याला हुंगायला दिली, मग कुत्रं आणलं. कुत्रं शिंकलं आणि निघून गेलं.

"कळलं ना आता, संशयानं बघितलं की माणसाला कसं वाटतं ते?" कुमुद म्हणाली.

मला राग नव्हता आला. उलट बरं वाटलं. माणसं आपलं काम चोख करत होती.

लक्सरला आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. शिरीषनं बसमध्येच सगळ्यांना बजावलं, की कुणी फोटो काढून देतो म्हणालं तर कॅमेरा हातात देऊ नका, कुणी जुनी वस्तू म्हणून काही दाखवलं तर ती कालच घडवलेली आहे असं समजा, राखणदारांच्या तर नादीच लागू नका. बाकीचे हसले. मी वहीत टिपून घेतलं.

सकाळी आम्हाला नदीच्या पश्चिम तीरावर नेलं. राजांची थडगी झाली, आणि मग मनालनं, हे माझ्या आवडीचं आहे, असं सांगून एका कारागिराच्या थडग्यात उतरवलं. राजांची थडगी खोदणारे, रंगवणारे जे कारागीर होते, त्यांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःसाठी छोटी छोटी थडगी रंगवून ठेवली होती. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा पिवळा आणि निळा रंग काल दिल्यासारखा. एका भिंतीवर तराजू काढलेला होता. एका पारड्यात माणसाचं काळीज, दुसऱ्यात पीस, आणि कोल्ह्याच्या तोंडाचा देव खाली वाकून दांडी सांभाळतोय. माणूस मेला की त्याचं काळीज असं तोलतात, मनाल सांगत होती, पिसापेक्षा जड भरलं तर शेजारी बसलेली ती मगरतोंडी खाऊन टाकते.

मी पुढे होऊन नीट पाहिलं आणि म्हणालो, की हा तराजू मी जप्त केला असता. तोलणाऱ्याचा हात ओळंब्याला लागलाय.

मनाल मोठ्यानं हसली. त्यानंतर ती मला मिस्टर इन्स्पेक्टरच म्हणू लागली. "मिस्टर इन्स्पेक्टर, त्यांनाही तीच भीती होती," ती म्हणाली. "तराजूची नाही, काळजाची. तिथे साक्षीदार कोण? आपलंच काळीज. ते उलटलं तर? म्हणून मेलेल्याच्या छातीवर दगडाचा किडा ठेवायचे आणि त्यावर कोरायचे, की बाबा, तिथे माझ्याविरुद्ध उभं राहू नकोस."

"म्हणजे साक्षीदार फोडायचे," मी म्हणालो. आमच्यातल्या लीलाताई बोंद्रे खळखळून हसल्या.

लीलाताई कोल्हापूरच्या. पासष्टीच्या, एकट्याच आलेल्या, आणि पर्समध्ये हळदीकुंकवाचा करंडा घेऊन फिरणाऱ्या. पुण्याहून निघताना बसच्या चाकाला त्यांनी हळदकुंकू वाहिलं होतं. कैरोत गाडी बदलली तर तिच्याही चाकाला वाहिलं. पिरॅमिडच्या पायथ्याशी त्यांचा हात पर्सकडे गेला तेव्हा शिरीषनं अक्षरशः आडवं पडून त्यांना थांबवलं होतं. मी तेव्हापासून त्यांच्यावर नजर ठेवून होतो.

दुपारनंतर कर्नाकला आलो. ते एक देऊळ नव्हेच, देवळांचं गाव आहे. खांबांच्या रानातून हिंडून झाल्यावर पाय दुखायला लागले तेव्हा मनाल म्हणाली, एक लहानसं देऊळ राहिलंय, उत्तरेच्या टोकाला, तिथे सहसा कुणी जात नाही. मोडक्या विटांच्या वाटेनं आम्ही तिथे पोचलो. दारात बदावी बसला होता. मनाल त्याला अम्म म्हणाली, म्हणजे काका.

त्याला पाहिलं आणि मी क्षणभर चमकलोच. त्याच्या कपाळाच्या मधोमध काळा टिळा होता. अगदी आपला बुक्का. मला इतकं बरं वाटलं की मी हसून हात जोडले. मनालनं सांगितलं की तो टिळा नाही, घट्टा आहे. वर्षानुवर्षं नमाजाच्या वेळी जमिनीला कपाळ टेकून टेकून पडतो. शिरीष माझ्या कानाशी लागून म्हणाला, "काका, काही जण तो मुद्दाम घासून पाडतात म्हणे. भाविक दिसायला."

झालं. छाप मारलेलं वजनसुद्धा आतून पोखरलेलं निघतं, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं. मी पुन्हा त्या घट्ट्याकडे पाहिलं, तर तो आता मला जरा जास्तच गोल वाटला.

बदावीनं किल्ली लावून दार उघडलं. खोली लहान, म्हणून तिघातिघांनी जायचं ठरलं. पहिल्या तिघांत कुमुद, लीलाताई आणि मी. आत गेल्यावर त्यानं दार जवळजवळ लोटून घेतलं. का लोटतो म्हणून मी खिशातलं पाकीट चाचपलं, आणि मग कळलं. पूर्ण अंधार झाला तसा छतातला एकच झरोका उजळला आणि उन्हाची तिरीप थेट मूर्तीच्या तोंडावर उतरलेली दिसली. काळ्या दगडाची, पुरुषभर उंच, बाईचं अंग आणि सिंहिणीचं तोंड. डावा पाय पुढे टाकलेला.

मनालनं दाराशी उभं राहून तिची गोष्ट सांगितली. माणसं माजली म्हणून सूर्यदेवानं हिला खाली पाठवलं. हिनं जी कापाकापी मांडली ती थांबेना. शेवटी सूर्यालाच माणसांची दया आली. मग जवाच्या दारूत लाल रंग कालवून ती रातोरात शेतांवर ओतली. हिला वाटलं रक्तच, ती पोटभर प्याली आणि झोपली. म्हणून आपण उरलो. "रोग हीच देते," मनाल म्हणाली, "आणि बरंही हीच करते."

गोष्ट सांगावी तर तिनं. कुठे आवाज खाली आणायचा, कुठे नुसतंच थांबायचं, सगळं बुवांसारखं. परक्या मुलखात, परक्या भाषेत, सप्ताहाच्या दिवसांत मला माझं कीर्तन मिळालं होतं. मी टोपी काढून हातात घेतली होती आणि अंगावर काटा आला होता. मनाल पुढच्या तिघांना बोलवायला वळली, लीलाताई तिच्यामागे गेल्या, आणि थोड्या वेळानं कुमुद आणि मीही बाहेर आलो.

बाकीचे जाऊन येईपर्यंत आम्ही दगडावर बसून पाणी प्यालो. निघायची वेळ झाली तेव्हा कुमुद म्हणाली, "टोपी आतच राहिली तुमची." मी परत गेलो. दार अर्धवट उघडं होतं. आत बदावी मूर्तीच्या पायाशी बसून, फडक्याचं टोक बाटलीतल्या पाण्यात भिजवून, मूर्तीचा पुढचा पाय घासत होता. मला बघून तो दचकला. उठला, बाजूला ठेवलेली माझी टोपी उचलून माझ्या हातात दिली, आणि ओठांवर बोट ठेवलं.

ते बोट पाहून माझी खात्री पटली की इथे काहीतरी काळंबेरं आहे. मी विचारलं, काय करतोस? त्याला इंग्रजी येत नव्हतं. माझा आवाज मात्र चढलेला असणार, कारण त्या वेळी फेरीवर आलेला पुराणवस्तू खात्याचा तरुण अधिकारी तो ऐकून आत आला. त्यानं विजेरी मारली. काळ्या पायाच्या अंगठ्याजवळ पिवळट डाग होता, अर्धा पुसलेला.

अशा रीतीनं आम्ही सगळे त्या कार्यालयात येऊन पोचलो होतो.

अधिकाऱ्यानं आधी आमच्याकडेच मोर्चा वळवला. पिवळा डाग, आणि हिंदुस्थानी पाहुणे. त्याला याआधीचा अनुभव असावा. त्यानं सरळ विचारलं, तुमच्यापैकी कुणी मूर्तीला काही लावलं का? आम्हा तेरा जणांच्या माना एकदम लीलाताईंकडे वळल्या. त्यांच्या पर्समधून करंडा निघाला. एका खणात कुंकू, एका खणात हळद.

लीलाताई लालबुंद झाल्या. "अहो, मी अंबाबाईच्या गावची," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या देवीला विचारल्याशिवाय हात लावीन होय? चाकांचं वेगळं. चाक काही कुणाची कुलदेवता नसतं. घारपुरेसाहेब, सांगा त्याला इंग्रजीत."

त्यांचा आवाज कापत होता, आणि मला त्यांची दया आली. शिवाय, खरं सांगायचं तर, माझ्यातला निरीक्षक जागा झाला होता. अधिकाऱ्यानं नमुना म्हणून तो डाग कापसाच्या बोळ्यावर टिपून आणला होता. मी म्हणालो, साबण आणा. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे धुणं धुणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. लीलाताईंची चिमूटभर हळद ओल्या साबणावर ठेवली. ती लालभडक झाली. मग कापसाचे दोन भाग केले, एक साबणावर घासला. पिवळा तो पिवळाच राहिला. दुसरा भाग मी रुमालात गुंडाळून खिशात टाकला. नमुना नेहमी दोन ठिकाणी ठेवायचा, हे इतकं अंगवळणी पडलेलं, की मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. खोलीत सिगारेटचा धूर कोंदला होता, त्यात साबणाचा वास.

लीलाताईंनी माझे दोन्ही हात धरले. अधिकारी म्हणाला, हळद नाही, हे मान्य. मग हे आहे काय?

त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी म्हणालो, हा पिवळा मेणाचा किंवा मातीचा अंश असावा. मूर्तीच्या पायाचा साचा कुणीतरी काढला आहे, नकली मूर्ती करायला. आणि नंतर खूण पुसून टाकताना मी पाहिलं आहे. त्यानं मला गप्प राहा अशी खूणसुद्धा केली.

मनाल अरबीत सांगता सांगता मध्येच थांबली. "मिस्टर इन्स्पेक्टर, नक्की ना?" तिनं मला विचारलं. "या दाराच्या किल्ल्या आधी याच्या वडिलांकडे होत्या. हा अहवाल वर गेला की त्या जातील. पुन्हा मिळत नाहीत."

मी नक्की म्हणालो. बदावीला विचारलं तेव्हा तो एवढंच बोलला, की घाण लागली होती, पुसत होतो. कुणी लावली, याला त्यानं उत्तर दिलं नाही. पुढचं मी सांगितलंच आहे. कुमुदनं बाही ओढली, आणि मी सही केली.

हॉटेलवर आलो तेव्हा ऊन नदीवर तिरपं झालं होतं. कुमुद गच्चीत खुर्ची टाकून बसली. चहा आला तो तिनं घेतला नाही. हवा बाधली असेल असं मला वाटलं. मी तोंड धुवायला जाताना खिसे रिकामे केले, आणि रुमाल झटकला तसा तो कापूस खाली पडला. उचलला. पुन्हा एकदा नीट बघावा म्हणून डोळ्यांजवळ नेला.

आणि मला वास आला.

ओला बुक्का, गोपीचंदन. माझ्या घरचा वास. कीर्तन संपल्यावर बुवा पुढे येतात, आपल्या कपाळाला बोट लावतात, आपण त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो, त्या वेळचा वास. जगात दुसऱ्या कशाला असा वास येत नाही. तरीही मी तो कापूस दोनदा हुंगला. मी नमुना कधी एकदा तपासून सोडला नव्हता.

मग आरशासमोर जाऊन टोपी काढली. सकाळी लावलेल्या गंधाची वरची टोकं जागच्या जागी होती. मधला भाग पुसला गेला होता, आणि बुक्क्याचा टिळा नव्हताच.

देवळातली ती गोष्ट संपली. मनाल वळली. काळे पाय, पुढे टाकलेला डावा. मी वाकलो होतो. आठवत नव्हतं, असं नाही म्हणता येणार. जेवताना घास तोंडात घातलेला जसा आठवत नाही, तसं ते आठवत नव्हतं. साठ वर्षांत ज्या ज्या देवळात गेलो तिथे कपाळ टेकल्याशिवाय मी बाहेर पडलो नाही. तिथेही नाही पडलो. टोपी बाजूला ठेवल्याशिवाय कपाळ टेकता येत नाही. आणि ती तर तिथेच राहिली होती.

मी गच्चीत गेलो. "तू पाहिलं होतंस?"

"मी तुमच्या मागेच उभी होते," कुमुद म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"मध्ये बोलू नकोस म्हणालात."

ती नदीकडे बघत राहिली. मी शिरीषच्या खोलीत गेलो, दार लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. तो बिचारा पलंगावर बसलाच. मग त्यानं समजावलं. विषय संपलाय काका. उद्या पहाटे आस्वानची बस आहे. तुम्ही आता कबूल केलंत तर नुसते तुम्ही नाही, चौदाच्या चौदा पासपोर्ट अडकतील. खोटी साक्ष दिली असाही अर्थ निघेल. तो माणूस इथलाच आहे, त्याचं होईल काहीतरी.

आज सांगायला लाज वाटते, पण मी मान हलवली. मनात म्हटलं, मी मुद्दाम थोडंच केलं. मूर्तीला काही झालेलं नाही, ओल्या फडक्यानं निघेल इतकाच डाग. तासभर खोलीत येरझाऱ्या घातल्या आणि मग सगळ्यांबरोबर जेवायला गेलो.

जेवणाच्या टेबलावर लीलाताईंनी माझ्या साबणाच्या प्रयोगाचं वर्णन चालवलं होतं. जे तिथे हजर होते त्यांनाच त्या ते पुन्हा सांगत होत्या. माझ्या पानात त्यांनी पुण्याहून आणलेली शेवटची गुळपोळी वाढली. "यांच्यासारखा माणूस होता म्हणून," त्या म्हणाल्या. "नाहीतर माझी काय गत झाली असती हो? परमुलखात चोर ठरले असते."

छातीवर दगडाचा किडा ठेवल्यासारखं वाटायला लागलं, आणि त्यानंही काम भागत नव्हतं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं.

मग लीलाताई म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर आळ आला तो तुमच्या गंधापायी होय?"

"हो."

त्यांनी माझ्या पानातल्या गुळपोळीकडे पाहिलं. ती उचलून परत घेतील असं मला खरोखर वाटलं. "शिरीष," त्या म्हणाल्या, "पहाटेची बस थांबेल. मी थांबते. ज्यांना घाई आहे त्यांनी आत्ता सांगा." कुणाला घाई नव्हती.

मनालला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त सहाला गेटवर या म्हणाली. त्या सकाळी मी आंघोळ केली, पण गंध लावलं नाही. गेटवर मनालनं मला मिस्टर इन्स्पेक्टर म्हटलं नाही. मिस्टर घारपुरे म्हणाली.

अधिकारी चहा पीत होता. अहवाल त्याच्या टेबलावरच होता, वर जायचा होता अजून. मी बुक्क्याची डबी आणि गोपीचंदन समोर ठेवलं, सहाणेवर उगाळून माझ्या तळहाताला लावून दाखवलं, उरलेला कापूस शेजारी ठेवला. माझाच पुरावा मी माझ्याविरुद्ध मांडला, ओळीनं, जसा दुकानदारांविरुद्ध मांडत आलो होतो. तो हुंगत गेला आणि त्याचा चेहरा कठीण होत गेला. कालची साक्ष खोडता येणार नाही, तो म्हणाला, पण दुसरी लिहून देता येईल. मी लिहून दिली. माझं नाव, माझं गाव, मूर्तीला कपाळ लावलं ते मी, आणि काल जे तर्क केले ते खोटे. त्यानं मला बरंच सुनावलं. अशा लाखो कपाळांनी दगड झिजतात, हे तुमच्या देशात कुणी सांगत नाही का, असंही विचारलं. मी ऐकून घेतलं. पासपोर्ट त्यानं अर्धा तास ठेवून घेतला आणि परत दिला.

मग बदावीला बोलावलं. तो कालच्यासारखाच भिंतीपाशी उभा राहिला. अधिकाऱ्यानं त्याला जरा चिडूनच काहीतरी विचारलं, आणि बदावी शांतपणे, थांबत थांबत बोलला. मनाल ऐकता ऐकता माझ्याकडे वळली.

"साहेब विचारतात, तू पाहिलं होतंस तर काल सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली. "तो म्हणतो, हा माणूस कपाळ टेकत होता. कपाळ टेकलेल्या माणसाला मी हटकत नाही. तो कुणापुढे टेकतो ते त्याचं आणि वरच्याचं. पण दगड माझ्या राखणीत आहे, म्हणून सगळे गेल्यावर पुसत होतो. याला गप्प राहा म्हणून खूण केली ती यालाच त्रास होऊ नये म्हणून."

"आणि इथे, कार्यालयात?" मी विचारलं. "इथे तरी बोलायचं."

मनालनं विचारलं. बदावीनं पुन्हा माझ्या कपाळाकडे पाहिलं. आज ते कोरं होतं. तो एकच वाक्य बोलला. ते माझ्यापर्यंत आणायला मनालला थोडा वेळ लागला.

"तो म्हणतो, काल साक्षीदार तुम्हीच होतात. मला वाटलं, तुम्ही स्वतःच सांगाल."

अधिकाऱ्यानं किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. बदावीनं तो उचलला. मी डबी पुढे केली. कपाळाला लावून घेणार नाही हे मला कळत होतं, म्हणून नुसती उघडी धरली. त्यानं वाकून वास घेतला, डोळे मिटले, मान हलवली, आणि झाकण आपल्या हातानं लावून डबी मला परत दिली.

आम्ही निघालो तेव्हा साडेआठ वाजले होते. लीलाताईंनी चाकाला हळदकुंकू वाहिलं होतं, ते शिरीषनं बघून न बघितल्यासारखं केलं. उसाची शेतं मागे पडायला लागली तेव्हा कुमुदनं विचारलं, "काय म्हणाला तो म्हातारा?"

मी तिला सांगितलं. शब्द न शब्द.

मग माझ्या मांडीवरची टोपी उचलून तिनं तिची धूळ झटकली आणि ती माझ्या हातात दिली.

"मलाही तसंच वाटलं होतं," ती म्हणाली.